नऊशेंमधील एक बाळ

अर्भकमृत्यूच्या नोंदीत मृत्यूचे कारण म्हणून ‘न्यूमोनिया’ हा शब्द फार सहज लिहिला जातो. तो बहुधा खोटा नसतो; परंतु पुष्कळदा अपुरा असतो. सहा महिन्यांचे मूल न्यूमोनियाने गेले हे विधान पावसात घर कोसळले या विधानासारखे आहे. पाऊस पडला हे खरे. पण त्याच पावसात शेजारची शंभर घरे उभी राहिली, मग याच घराचा पाया कच्चा होता काय, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. काही बालके अशी जन्मतात, की ज्यांच्या शरीरात रोगजंतूंशी झुंज देणाऱ्या पेशी मुळी तयारच होत नाहीत. आईकडून गर्भावस्थेत मिळालेल्या प्रतिद्रव्यांच्या आधारावर ती पहिले काही महिने तगतात. मग न हटणारा खोकला, थांबत नसलेले जुलाब, तोंडात पुनःपुन्हा येणारा पांढरा थर आणि एकाच जागी अडून बसलेला वजनाचा काटा, असा क्रम सुरू होतो. योग्य उपचार न मिळाल्यास साधारणतः वर्ष-दोन वर्षांच्या आत सारे संपते. घरातील वडीलधारी मंडळी दृष्ट लागली म्हणतात, दवाखाना न्यूमोनिया लिहितो आणि दोन वर्षांनी त्याच घरातील दुसरे बाळ त्याच वाटेने जाते.

या बालकांविषयीचे संशोधन कोठे चालते, त्याचा खर्च कोणी करावा आणि कोल्हापूरसारख्या जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध, हे प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचे नाहीत. मर्यादित साधनसंपत्तीची वाटणी कशी करावी, हा अर्थशास्त्राचा जुना प्रश्नच येथे अत्यंत कठोर स्वरूपात उभा राहतो.

लहान मुलांच्या रोगांवरील संशोधन महाराष्ट्राला नवे नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वीपणे दिलेली ती पहिली लस. तिच्या दंडावरील फोडातील द्रव पुढे गावोगावच्या मुलांच्या दंडांवरून प्रवास करीत देशभर गेला. त्या मुलीची संमती घेण्याचा प्रश्न अर्थातच त्या काळी कोणाच्या मनातही आला नसेल. पुढे प्लेगच्या साथीत हाफकिन मुंबईत आले आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी निवासस्थानी गेली. तेव्हापासून परळ हे गिरण्यांबरोबरच लशींचेही ठिकाण झाले.

परंतु या परंपरेतील सर्वांत मोलाचे पान प्रयोगशाळेत लिहिले गेले नाही, ते गडचिरोलीच्या खेड्यांत लिहिले गेले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे काम सुरू केले, तेव्हा मुले न्यूमोनियाने मरतात हे सर्वांनाच ठाऊक होते. अडचण वेगळी होती. न्यूमोनिया ओळखण्यासाठी डॉक्टर हवा आणि डॉक्टर तर खेड्यात नाही. त्यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. न्यूमोनिया झालेले मूल जलद श्वास घेते. दोन महिन्यांखालील बाळाने मिनिटाला साठ किंवा अधिक आणि त्याहून मोठ्या अर्भकाने पन्नास किंवा अधिक श्वास घेतले, तर धोका समजावा, हे गावातील व्यक्तीला शिकविता येते. ज्यांना अंक मोजता येत नव्हते अशा सुइणींसाठी मणी सरकविण्याचे एक साधे साधन तयार झाले. पुढे हाच विचार नवजात अर्भकांपर्यंत नेण्यात आला. प्रशिक्षित गावकरी स्त्रीने घरी जाऊन बाळ तपासावे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखावीत आणि आवश्यक तेथे प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यावे, ही कल्पना त्या काळी अनेक तज्ज्ञांना धाडसाची वाटली. ३९ गावांत ती राबविण्यात आली आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी ज्या फेऱ्या करतात, त्यांचे मूळ या संशोधनात आहे.

पुणे जिल्ह्यातील वढू येथील कामाचा उल्लेख त्यामानाने क्वचितच होतो. भारतीय बनावटीच्या रोटाव्हायरस लशीची मोठी चाचणी ज्या तीन ठिकाणी झाली, त्यांत दिल्ली व वेल्लोर यांच्याबरोबर वढू हे एक होते. गोवरावरील लस सुईऐवजी श्वासावाटे देता येईल काय, याचीही परीक्षा पुणे जिल्ह्यातील खेड्यांत २००९ आणि २०१० या वर्षांत, सुमारे दोन हजार बालकांवर झाली. सुई नको, कुशल परिचारिका नको, असे झाले तर खर्चाची केवढी बचत! पण उत्तर नकारार्थी आले. सुईने लस दिलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के मुलांत, तर श्वासावाटे दिलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के मुलांत प्रतिकारशक्ती निर्माण झाली. दहा टक्क्यांचा हा फरक किरकोळ वाटेल. परंतु गोवर हा इतका सांसर्गिक रोग आहे, की समाजातील ९५ टक्क्यांच्या आसपास मुले सुरक्षित असल्याखेरीज त्याची साथ अडत नाही. २०१५ मध्ये हा निकाल जसाच्या तसा प्रसिद्ध झाला. ‘हे जमत नाही’ असे खात्रीने सांगणारे संशोधन वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येत नाही. परंतु त्याने सरकारी तिजोरीचे किती कोटी वाचविले याचा हिशेब कोणी मांडला, तर तो संशोधनावरील खर्चाला ‘अनुत्पादक’ म्हणणाऱ्यांना वाचावयास द्यावा.

हे सारे संशोधन सर्वसामान्य प्रतिकारशक्ती असलेल्या मुलांविषयीचे. जिची प्रतिकारशक्तीच जन्मतः अपुरी, अशा बालकांकडे वैद्यकाचे लक्ष बरेच उशिरा गेले. १९५२ मध्ये ब्रुटन या अमेरिकी लष्करी डॉक्टराला वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात प्रतिद्रव्यांचा अंशच आढळला नाही, आणि या शास्त्राला आरंभ झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले आणि त्याच वर्षी मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ‘बॉम्बे’ या नावाने जगाला ज्ञात झालेला रक्तगट शोधून काढला. रक्तगटांच्या अभ्यासासाठी १९५७ मध्ये मुंबईत जे केंद्र निघाले, त्याचीच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था झाली. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील ही संस्था आज देशभरातून येणाऱ्या मुलांच्या रक्ताच्या नमुन्यांतून प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष शोधते. असे दोष साडेचारशेहून अधिक प्रकारचे असल्याचे आता ज्ञात आहे.

आता आकड्यांकडे वळावे. या दोषांतील सर्वांत घातक प्रकार, ज्याला डॉक्टर ‘स्किड’ या नावाने ओळखतात, तो अमेरिकेतील पाहणीनुसार सुमारे ५८ हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार आहे. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला, तर जिल्ह्यात वर्षाला सुमारे ५८ हजार बालके जन्मतात. म्हणजे जिल्ह्यात वर्षाला असे एक बाळ. राज्याचा २०२० चा अर्भकमृत्युदर हजारी १६ होता. तोच जिल्ह्याला लावला, तर वर्षाला सुमारे नऊशे अर्भके दगावतात. त्या नऊशेंमधील एकासाठी प्रयोगशाळा, यंत्रे, तज्ज्ञ आणि अस्थिमज्जारोपणाचा प्रचंड खर्च! उरलेल्या आठशे नव्याण्णव बालकांचे काय? ती कमी वजनामुळे, अपुऱ्या दिवसांमुळे, जन्मसमयीच्या गुदमरण्यामुळे, साध्या जंतुसंसर्गामुळे जातात, आणि त्यांना वाचविण्याचा मार्ग गडचिरोलीने अल्प खर्चात दाखवून दिलेला आहे. मग गरीब देशाने दुर्मिळ रोगांचे लाड का करावेत?

हा आक्षेप हृदयशून्य म्हणून झटकून टाकता येणार नाही. किंबहुना अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो घेतलाच पाहिजे. ज्या जिल्ह्यात आशा कार्यकर्तीचे मानधन वेळेवर मिळण्याची शाश्वती नाही, तेथे आधी अत्याधुनिक यंत्र मागणे हा अग्रक्रमांचा विपर्यास ठरेल. तरीही हा आक्षेप एका गृहीतावर उभा आहे. दुर्मिळ रोगाच्या संशोधनाचा लाभ फक्त त्या दुर्मिळ रुग्णालाच होतो, हे ते गृहीत. ते खरे नाही.

पोलिओचे उदाहरण घ्यावे. भारतातील पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. हे यश तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या ज्या डोसाने मिळविले, त्यात जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू असतो. निरोगी मुलाच्या शरीरातून तो काही आठवड्यांत बाहेर पडून नाहीसा होतो. ज्याची प्रतिकारशक्तीच तोकडी आहे, अशा काही मुलांच्या आतड्यांत मात्र तो महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे वाढत राहतो आणि वाढता वाढता आपली मूळची दुष्ट शक्ती परत मिळवू शकतो. म्हणजे ज्या एका बाळाकडे दुर्मिळ म्हणून दुर्लक्ष करावयाचे, तेच बाळ आपला काडीमात्र दोष नसताना कोट्यवधी मुलांच्या सुरक्षिततेच्या भिंतीतील फट ठरू शकते. परळमधील दोन संस्थांनी, एक विषाणूंचा अभ्यास करणारी आणि दुसरी प्रतिकारशक्तीचा, एकत्र येऊन अशा मुलांची तपासणी केली. २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कोणतीही खासगी कंपनी असे काम हाती घेणार नाही, कारण त्यातून विकण्याजोगे काही निघत नाही. ज्याचा लाभ सर्वांना मिळतो आणि म्हणून ज्याची किंमत कोणीच मोजावयास तयार नसतो, ते सरकारनेच पुरवावे लागते. दीपगृहाचे उदाहरण पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे शिकविले जाते. पोलिओच्या या तपासणीचे उदाहरण त्याहून अधिक बोलके आहे.

बी. सी. जी. लशीचेही असेच. क्षयाच्या मेंदुज्वरासारख्या भीषण प्रकारांपासून ही लस लक्षावधी बालकांचे रक्षण करते आणि ती जन्मतःच दिली जाते, ते योग्यच आहे. परंतु ‘स्किड’ असलेल्या बाळात त्या लशीतील जिवंत जंतूच शरीरभर पसरू शकतात. टोचल्या जागेची जखम भरत नाही, काखेतील गाठ वाढत जाते. या लक्षणांकडे केवळ ‘लस पिकली’ म्हणून न पाहता प्रतिकारशक्तीच्या दोषाची खूण म्हणून पाहिले, तर निदान लवकर होऊ शकते. याचा अर्थ लस टाळावी असा कोणी काढील, तर तो अनर्थ होईल. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराने जी बालके गेली, त्यांच्या आठवणीने तरी अशा शंका मिटाव्यात. उलट प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे त्याच्याभोवतीच्या सर्व मुलांनी लस घेतलेली असणे हाच आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू दक्षिण महाराष्ट्राला अधिक जवळची आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाणे, सीमेपलीकडे तर मामाभाचीचाही विवाह, या गोष्टी या भागात नवलाच्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात साधारणतः दहा विवाहांमागे एक, आणि शेजारच्या कर्नाटकात चारांमागे एक विवाह नात्यात होतो. या प्रथेमागे अर्थकारण आहे हे विसरता कामा नये. जमीन घरात राहते, हुंड्याचा बोजा हलका होतो, मुलगी ओळखीच्या उंबरठ्यात पडते. परंतु सख्ख्या मामे-आते भावंडांत एक अष्टमांश जनुके समान असतात. घराण्यात एखादा सुप्त दोष असेल, तर तो पती व पत्नी या दोघांतही असण्याची शक्यता त्यामुळे वाढते. आणि दोघांत असेल, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. सर्वसामान्य दाम्पत्याच्या अपत्यांत गंभीर जन्मजात व्याधींचे जे दोन-तीन टक्के प्रमाण असते, ते अशा विवाहांत जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे बहुसंख्य मुले निरोगीच निपजतात, आणि म्हणूनच ‘आमच्या घरात तीन पिढ्या असेच चालत आले, काही झाले नाही’ या युक्तिवादाला उत्तर देणे कठीण जाते. जातीच्या आतच सोयरीक करण्याच्या रूढीनेही, सौम्य प्रमाणात का होईना, हेच घडते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ मध्ये करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली, ती सामाजिक न्यायासाठी. त्या कायद्याच्या बाजूने जीवशास्त्रही उभे आहे हे त्या काळी फारसे कोणाला ठाऊक नव्हते. प्रतिकारशक्तीचे काही दोष मात्र नात्याच्या विवाहाशी संबंध नसताना आईकडून फक्त मुलग्यांत उतरतात, हेही सांगितले पाहिजे. अन्यथा सुनेला दोष देण्यास आणखी एक शास्त्रीय निमित्त मिळावयाचे.

उपचारांचे गणित काळावर अवलंबून आहे. साडेतीन महिन्यांच्या आत अस्थिमज्जारोपण झालेल्या ‘स्किड’ बालकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक वाचतात, असा अमेरिकेतील अनुभव आहे. जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर हेच प्रमाण घसरत जाते आणि खर्च चढत जातो. तेथे २००८ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून ही तपासणी सुरू केली आणि २०१८ च्या अखेरीस ती सर्व राज्यांत पोहोचली. आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात अशा रोपणासाठी साहाय्याची तरतूद आहे. २०२२ मध्ये साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आणि नियुक्त केंद्रांत के. ई. एम. रुग्णालयाचा समावेश आहे. पैसा कागदावर तरी आहे. परंतु महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून परळला पोहोचण्यापूर्वी, परळला जावयास हवे हे कोणाला तरी कळावे लागते. गारगोटीच्या किंवा गडहिंग्लजच्या आईबापांना ते कोण सांगणार?

प्रत्येक नवजात बाळाची तपासणी कोल्हापुरात सुरू करावी, अशी मागणी आजच करणे शहाणपणाचे नाही. बाळामागे केवळ शंभर रुपये खर्च गृहीत धरला, तरी एका बाळाच्या शोधासाठी वर्षाला ५८ लाख रुपये लागतील. एवढ्या रकमेत जिल्ह्यातील नवजात शिशू कक्ष सुधारता येतील. ज्या घरात पूर्वी एखादे अर्भक दगावले आहे, किंवा जेथे पती-पत्नी रक्ताच्या नात्यातील आहेत, तेवढ्याच बालकांपासून आरंभ केला तर खर्च कितीतरी पटींनी खाली येतो. यात पहिले बाळ बहुधा हातचे जाते हे खरे, आणि ही निवड करताना धोरणकर्त्यांना सुखाची झोप लागू नये हेही खरे. पण आज दुसरे आणि तिसरे बाळही जाते.

या आरंभाला यंत्र लागत नाही. तालुक्याच्या कोणत्याही प्रयोगशाळेत होणाऱ्या साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींची संख्या आणि त्यांतील लसिकापेशींची टक्केवारी लिहिलेली असते. दोहोंवरून लसिकापेशींची प्रत्यक्ष संख्या काढणे हा सातवीतल्या विद्यार्थ्याला जमणारा गुणाकार आहे. वारंवार आजारी पडणाऱ्या अर्भकात ती दर घनमिलिमीटरला तीन हजारांहून कमी भरली, तर प्रतिकारशक्तीचा संशय घ्यावा असे हे शास्त्र सांगते. अहवाल आजही निघतात. गुणाकार मात्र फारसा कोणी करीत नाही. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आणि त्याला जोडलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी जिल्ह्यातील प्रयोगशाळांना हा एक आकडा ठळकपणे लिहावयास सांगावे आणि संशयित बाळाचा नमुना परळला पाठविण्याची कायमची व्यवस्था करावी. बालमृत्यूंच्या अन्वेषणाची पद्धत केंद्र सरकारने २०१४ मध्ये घालून दिली आहे. त्या कागदांत आधीच्या भावंडांचे मृत्यू आणि आईवडिलांचे नाते या दोन गोष्टी नीट भरल्या गेल्या आणि शिवाजी विद्यापीठातील संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यांचा अभ्यास केला, तर जिल्ह्यात असे बाळ वर्षाला एक की पाच, हे अमेरिकेच्या आकड्यांवरून अंदाज न बांधता सांगता येईल.

आशा कार्यकर्ती बाळ तीन दिवसांचे असताना तशीही घरी जाते. तापमान पाहते, वजन करते, अंगावर पाजण्याविषयी विचारते. तिच्या तक्त्यात आणखी दोन ओळी सहज मावतील. या घरात याआधी तान्हे मूल गेले होते काय? आणि बाळाचे आईवडील एकमेकांचे कोण लागतात?